बायांच्या बाजूची किंकाळी

घाटंजीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत गोपालचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे मुहूर्त संपले की तिकडे कोणी फिरकत नाही. पण रविवारी दुपारी वरच्या खोलीतून हसण्याचा असा गलका येतो की खालचा पानठेलेवाला वैतागून वर पाहतो. वर भुताचे पिक्चर चालतात. चांगले नव्हेत हं! चेटकिणीच्या पायात स्लिपर दिसते, वटवाघळाची दोरी दिसते, हिरोची मिशी खोलीत शिरताना जाड आणि बाहेर पडताना बारीक असते, असले. भंगारातला भंगार पिक्चर कुठून तरी शोधून आणायचा, भिंतीवर लावायचा, पाहायचा आणि मग त्याच्यावर तासभर भांडायचं, असा या मंडळींचा शौक. मारेगावचे, नेरचे, कुठकुठले शौकीन त्यांच्या फोनवरच्या ग्रुपात आहेत. शौकाला काय, कोणताही असतो.

या मंडळींसाठी चहा करायला आणि खोली झाडायला जमनी येते. जवळच्या तांड्यावरची, पन्नाशी ओलांडलेली, अंगानं काटक. गोपाल तिला मावशी म्हणतो. तिची एक खोड सगळ्यांना माहीत आहे, ती मोठ्यानं बोलत नाही. बकरी दुसऱ्याच्या वावरात शिरली तरी हाक मारणार नाही, धावत जाऊन कानाला धरून आणेल. चहा झाला हे सांगायला खालून ओरडणार नाही, पायऱ्या चढून वर येईल आणि दारात उभी राहून हळूच सांगेल. तांड्यातल्या सुना तिला याडी म्हणतात, म्हणजे आई. त्यांना वाटतं, याडीच्या गळ्याला काही आजार असेल.

आजारबिजार काही नाही. याच गळ्यावर तिनं एकेकाळी रोजी कमावली आहे.

तेव्हा टुरिंग टॉकीजचे शेवटचे दिवस चालू होते. घरोघरी टीव्ही आला होता, तंबूतल्या सिनेमाला लोक नाकं मुरडायला लागले होते. देवराव नावाचा मालक तरीही हट्टानं एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत आपला तंबू फिरवत होता. जमनीचा नवरा फकिरा त्याच्याकडे मशीनवाला, पडद्यावर पिक्चर तोच चालवायचा. जमनी त्याच्यासोबत फिरायची, तिघांच्या भाकरी थापायची आणि वेळ मिळाला की बायांच्या बाजूला जाऊन पिक्चर पाहायची. तंबूत मधोमध कनात असे. इकडे माणसं, तिकडे बाया. एका संध्याकाळी पडद्यावर चेटकीण आली आणि जमनीच्या तोंडून अशी किंकाळी निघाली की सगळ्या बाया तिच्यामागोमाग ओरडल्या. कनातीपलीकडून शिट्ट्या पडल्या. दुसऱ्या दिवशी जत्रेत बोभाटा झाला, की देवरावच्या तंबूत बायांना चक्कर येते. तिसऱ्या दिवशी तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती.

देवराव पक्का धंदेवाला. त्यानं जमनीला बोलावलं आणि म्हणाला, "जमने, आता रोज चिल्लावाचं. रोजी भेटन."

आता काय म्हणावं या माणसाला! पण त्याचं काही चुकलं नव्हतं. लोकांना घाबरायचं असतं, फक्त सगळ्यांच्या आधी घाबरायची लाज वाटते. ते काम जमनीनं अंगावर घेतलं. तांड्याची बाई लगेच ओळखू येईल म्हणून देवरावनं तिचा फेटिया आणि कांचळी, म्हणजे बंजारा घागरा-चोळी, बाजूला ठेवायला लावली आणि साध्या साड्या नेसायला दिल्या. आज हिरवी, उद्या पिवळी. ती बायांमध्ये बसायची, शेजारणीशी गप्पा मारायची आणि वेळ आली की ओरडायची. तिला नेमकं ठाऊक झालं होतं, भूत दिसल्यावर ओरडून फायदा नाही. भूत दिसायच्या जरासं आधी ओरडायचं, म्हणजे मागून जे येईल त्याला लोक भितात, मग ते कसंही असो. फकिराला तिचा भारी अभिमान. मशीनची पत्र्याची खोली माणसांच्या बाजूच्या मागे उंचावर असे, आत मशीनचा खडखडाट, बाहेर जनरेटरची धडधड. तरी रात्री जेवताना तो म्हणायचा, "एवढ्या आवाजात बी तुह्यी किंकाळी मले बराबर आयकू येते. हजार बायांत वळखन मी."

त्यांची पोरगी अंजू, चार वर्षांची. ती जमनीच्या शेजारी पोत्यावर बसून पिक्चर पाही आणि पाहता पाहता झोपी जाई. खरं सांगायचं तर त्या तंबूतली सगळ्यात मोठी शौकीन तीच. 'लाल कंदील की चुडैल' नावाचा एक पिक्चर देवरावनं कुठून तरी स्वस्तात आणला होता, त्यातल्या चेटकिणीवर तर अंजूचा जीव. तिला ती लालकाकी म्हणायची. आईला कोपर मारून सांगायची, "पाय पाह्य ना तिचे, चप्पल हाय!" जमनीला हसू आवरत नसे आणि पुढच्याच घटकेला ओरडायचं असे. मायलेकींची ती रोजची गंमत होती.

चैत्रातल्या जत्रेत, पहिल्या खेळाला, ते घडलं. अंजू झोपलेली. पडद्यावर विहीर आली. अजून कुणी ओरडायचं काही कारण नव्हतं. पडद्याच्या उजेडात जमनीला दिसलं की पोरीच्या पायाजवळून काळी, पांढऱ्या पट्ट्यांची मण्यार सरपटत कनातीखाली चालली आहे आणि पोरीच्या घोट्यावर दोन ठिपके आहेत. जमनी ओरडली. तिच्यामागोमाग सगळ्या बाया ओरडल्या, रोजच्यासारख्या, आणि मग रोजच्यासारख्या खिदळल्या. पलीकडे शिट्ट्या वाजल्या. जमनी पोरीला उचलून "साप! साप!" म्हणत उठली तर शेजारची बाई म्हणाली, "बस ना वं खाली, आम्हाले दिसू दे." ती बायांना तुडवत दारापाशी आली. दारात देवराव. त्यानं खूश होऊन तिच्या पाठीवर थाप मारली. "वा जमने! आज तं जीवच घेतला लोकायचा!"

पोरीचा पाय त्याला दाखवेपर्यंत, त्याचा चेहरा उतरेपर्यंत, जीप मिळेपर्यंत जो वेळ गेला तो गेला. अंजू रस्त्यातच गेली. तंबूत पिक्चर शेवटापर्यंत चालू राहिला. फकिराला कळलं ते कोणीतरी मशीनच्या खोलीत जाऊन सांगितल्यावर.

त्यानंतर जमनी कधी ओरडली नाही. अंजूला माती देतानाही तिच्या तोंडून आवाज निघाला नाही, बाया घाबरून तिला हलवत होत्या. देवरावचा तंबू पुढच्या वर्षी बंद पडला. फकिरा आणि जमनी तांड्यावर परतली, कोरडवाहू वावर करायला लागली. मूल पुन्हा झालं नाही. त्या संध्याकाळबद्दल फकिरा एक शब्द बोलला नाही. तिनंही विचारलं नाही.

विचारायचं होतं ते एवढंच: तुला ऐकू आलं होतं का? पण हा प्रश्न ती दुसऱ्या बाजूनं सोडवत राहिली. त्या संध्याकाळची किंकाळी रोजच्यासारखीच होती का? रोजच्यासारखी असेल, तर नवऱ्याला कसं कळणार! पैसे घेऊन ओरडायची सवय लागली, खऱ्या वेळीही गळ्यातून तेच खोटं निघालं, त्यात त्याचा काय दोष? दोष माझ्या गळ्याचा. असं तिनं स्वतःला बजावलं आणि त्या आधारावर त्याच्यासोबत तीसेक वर्षं संसार केला, त्याला भाकर वाढली, आजारपणात त्याचे पाय चेपले. पण ती किंकाळी वेगळी असेल तर? हा विचार आला की ती उठून काहीतरी काम काढायची. फकिरा दोन उन्हाळ्यांमागे गेला. प्रश्न जमनीपाशीच राहिला, आणि तो तिला बसू देईना, निजू देईना. त्या तंबूतलं माणूस आता कुठे शोधायचं?

अशात फाल्गुनातल्या एका रविवारी गोपालनं जाहीर केलं, "राजेहो, आज हिरा आणला हिरा! लाल कंदील की चुडैल!"

जमनी खालच्या मोरीत कप विसळत होती. तिच्या हातातला कप तसाच राहिला.

हा पिक्चर मिळवायला नेरच्या किसनरावांनी गोपालच्या मागे टुमणं लावलं होतं. किसनराव म्हणजे तूर-सोयाबीनचे कास्तकार, दिसायला भारदस्त, पण भुताच्या पिक्चरचं नाव काढा की पोरासारखे हट्टाला पेटणार. ग्रुपात कोणी कोणत्याही पिक्चरची तारीफ केली की यांचं एकच: "लाल कंदीलची सर नाई. जगातला सगळ्यात भेवाचा पिक्चर." आज ते मुद्दाम पहिल्या बसनं आले होते आणि नवरदेवासारखे मधोमध बसले होते.

पिक्चर लागला आणि पहिल्याच घटकेला खोली हसून लोटपोट झाली. धूर गोवऱ्यांचा होता, हे खोकणाऱ्या हिरॉइनवरून कळत होतं. एकच दार तेच तेच तीनदा उघडलं. चेटकीण आली, लाल कंदील घेऊन, आणि गोपाल ओरडला, "अबे, स्लिपर पाह्य स्लिपर!"

जमनी दारात येऊन उभी होती. तिनं डोळे मिटून घेतले. कोपराला कोणीतरी हळूच ढोसल्यासारखं वाटलं आणि तिनं तो हात पदरात ओढून घेतला.

"हासू नका न," अपेक्षा म्हणाली. ती शाळेत शिकवते, या मंडळींत तिचंच मत नेहमी उलटं. "काटे असतीन तिथं. बिचारीले अनवानी पळवाचं का मंग? पैसा नसून बी लोकायले भेव दाखवाची हौस पाह्य ना त्यायची. मोठ्या पिक्चरवाल्यायले एवढी हौस नसते."

"मॅडम, चूक हेच तं मजा हाय," गोपाल म्हणाला. "चूक नसन तं कायले पाहाचं? अन् किसनभाऊ, ह्याले भेवाचा म्हणता तुम्ही? मले तं अंगाई वाटून राह्यली."

किसनराव रागावले. "तुम्ही हासाले येता, मी भेवासाठी येतो. थांब. हीर येऊ दे."

विहीर आली. किसनराव पुढे सरकून बसले, श्वास रोखून. विहिरीतून हात वर आला. रबरी मोजा घातलेला हात, मनगटाशी त्याची सुरकुती दिसत होती. खोलीत पुन्हा हशा पिकला. किसनरावांचा चेहरा मात्र पडला. त्यांनी पडद्याकडे, मग भिंतीकडे, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "नाई," ते पुटपुटले. "असं नोतं होत. माह्या अंगावर काटा आला होता, आठ दिवस निजलो नोतो."

"मोज्याले पाहून?" गोपालनं विचारलं.

"चूप बे. पडद्यावरचं नोतंच ते. बायाच्या बाजूनं होतं." किसनराव आठवत आठवत बोलू लागले. "चैताची जत्रा होती. मी पोट्टा होतो, मामाच्या घरी आलतो. हीर दिसली अन् कनातीपल्याडून एक बाई चिल्लावली. काय सांगू तुले! अजून बी वावरात एकला असलो का आयकू येते. त्याच्यानंतर शंभर पिक्चर पाह्यले, पन तसं भेव नाई भेटलं. म्हणून म्हणतो हा नंबर एक."

"मालकानं बसवली असन एखादी बाई, पैसे देऊन," अपेक्षा म्हणाली.

"होती न! मले माहीत हाय. मी आदल्या दिवशी बी तोच पिक्चर पाह्यला होता, तवा बी ते बाई चिल्लावली होती. ते पिक्चरचं चिल्लावणं, साफ कळते. हे पिक्चरचं नोतं."

जमनीनं चहाचा ट्रे खाली ठेवला. ती सहसा या मंडळींच्या बोलण्यात पडत नसे, म्हणून सगळ्यांनी वळून पाहिलं.

"कसं कळलं, भाऊ?" तिनं विचारलं. "आवाज तं त्याच बाईचा."

ऐकणारं माणूस भेटल्यावर किसनरावांना चेव आला. "आवाज तोच वं मावशी, पन पिक्चरचं चिल्लावणं वर जाते अन् संपते. बाया हासतात, झालं. हे संपेच ना. त्याच्यात एखाद्याचं नाव होतं का काय होतं, माहीत नाई, पन आपल्याच घरचं कोनी बलावते असं वाटलं. मी तं अर्धा उठलो बी होतो."

"मंग?"

"मंग काय, बाजूच्यानं सदरा धरून खाली ओढलं. म्हणे, बस, पयल्यांदा पाहून राह्यला का? बसलो. लोक हासतीन ना." किसनराव जरा ओशाळून हसले. "अन् मी काई एकलाच नाई भ्यालो. मी त्या मशीनच्या खोलीखालीच बसून होतो. मशीनवाल्यानं बी खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं होतं. त्याचं तं रोजचं काम, तरी त्यानं बायाकडं पाह्यलं. चांगलं बराच वेळ पाह्यलं. माही अन् त्याची नजरानजर झाली. मंग त्यानं मुंडकं आत घेतलं."

पडद्यावर हिरो विहिरीत डोकावून कोणाला तरी हाका मारत होता. जमनीच्या मनात मात्र पत्र्याच्या खोलीची ती चौकोनी खिडकी आली आणि तिच्यातलं फकिराचं डोकं. ते डोकं तिच्याकडे पाहत होतं. त्याला कळलं होतं. हजार बायांत ओळखीन म्हणणाऱ्यानं ओळखलं होतं आणि मग रीळ सांभाळायला तो आत गेला होता. एवढी वर्षं तिनं आपल्या गळ्याला शिव्या दिल्या, गळ्याचा आवाज बंद करून टाकला, आणि गळा तर खरंच बोलला होता! तिला आधी हलकं वाटलं. मग राग आला. आयुष्यात फकिराचा राग तिला कधी आला नव्हता. तो आता आला, राग झेलायला तो उरलेला नसताना.

"बराच वेळ पाह्यलं त्यानं?" तिनं पुन्हा विचारलं.

"हो न. काहून?"

"ते चिल्लावणारी मीच होती," जमनी म्हणाली. "माह्या पोट्टीले मण्यार चावली होती. ते मशीनवाला तिचा बाप होता."

गोपालनं चाचपडत पिक्चर बंद केला. अपेक्षानं तोंडावर हात ठेवला. ज्या किंकाळीला किसनरावांनी जन्मभर पहिला नंबर दिला, मित्रांत, पाहुण्यांत, फोनवर जिची तारीफ केली, ती काय होती हे त्यांना आत्ता समजत होतं. त्यांचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला. त्यांना दोष देणं सोपं आहे. तंबू भरलेला असताना, शिट्ट्या वाजत असताना, आपणही बसूनच राहिलो असतो. किसनराव गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले. काय करायला उभे राहिलो हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नसावं.

"आता कायले उठता, भाऊ," जमनी म्हणाली. "बसा. च्या थंडा होऊन राह्यला."

ते बसले. जमनीनं सगळ्यांना चहा दिला, कप गोळा केले, विसळून पालथे घातले. अपेक्षा मोरीपाशी येऊन म्हणाली, "मावशी, मी सोडून देऊ का गाडीवर?" जमनीनं नाही म्हणून मान हलवली आणि पायी निघाली.

ती तांड्यावर पोचली तेव्हा दिवस कलत होता. दारासमोर फकिराची बाज होती. तो गेल्यावरही ती कोणी हलवली नव्हती, जमनी तिच्यावर मिरच्या वाळवायची. तांड्यावरची जुनी बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, तो जिवंत असो की मेलेला. जमनीनंही कधी घेतलं नव्हतं. अंजूचा बाप, एवढंच ती म्हणायची. ती बाजेसमोर उभी राहिली. इतक्या वर्षांनी तिचा आवाज फुटला.

"फकिराऽऽऽ!"

झाडावरचे बगळे उडाले. बांधलेली जनावरं दावं ओढायला लागली. ती पुन्हा ओरडली, तेच नाव, आणि पुन्हा. घराघरातून माणसं धावली. कोणाचे हात पिठाचे, कोणी अनवाणी, कोणी जेवणावरून उठून. शेजारचा सेवादास काठी घेऊनच आला. "याडी, काय झालं? साप हाय का? कुठी हाय?" म्हणत त्यानं बाजेखाली काठी घातली, मिरच्या उधळल्या. सुना तिला धरायला पुढे झाल्या. सगळा तांडा दारात गोळा झाला होता, एकही माणूस घरात बसून राहिलं नव्हतं.

जमनीनं सगळ्यांकडे पाहिलं. मग रिकाम्या बाजेकडे बोट केलं.

"यानं आयकलं होतं," ती म्हणाली.